आईसाठी उबदार शाल घ्यायची आहे: कोणती घ्यावी, खरी कशी ओळखावी, कशी जपावी?

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही काश्मीरला जाणार आहोत आणि आईसाठी शाल आणायची आहे. आई नाशिकला असते, वय सत्तरीच्या पुढे. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर तिला थंडी अजिबात सोसत नाही. बाबा शिक्षक होते, त्यामुळे कपाटात सत्काराच्या शालींची चळत आहे, पण एकीतही ऊब नाही. अंगावरून घसरतात आणि काढताना चटचट ठिणग्या उडतात.

तिला हलकी, न टोचणारी, घरात रोज वापरता येईल अशी शाल हवी आहे. मनात पश्मिना आहे, पण पाचशे रुपयांनाही 'पश्मिना' मिळते हे पाहिल्यापासून कशावर विश्वास ठेवावा कळत नाही. शिवाय आजीची एक जुनी काश्मिरी शाल घरात आहे, तिला कसर लागून भोकं पडली आहेत. ती दुरुस्त होईल का? धुणं, ठेवणं याबद्दलही लिहा. कितीही सविस्तर लिहिलंत तरी मी सगळं वाचेन.

निफाडकर
अबोलीताई, आमच्याकडे जानेवारीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेव्हा थंडीचं म्हणाल तर पुरेपूर कळतं. एकच सांगतो, वजनाकडे लक्ष द्या. जाड शाल दुकानात उबदार वाटते, पण म्हाताऱ्या माणसाचे खांदे तासाभरात भरून येतात आणि मग ती खुर्चीच्या पाठीवरच पडून राहते. अंगावर राहील तीच शाल कामाची. आईंना दोन हलक्या घ्या.

ताणाबाणा
निफाडकरांशी पूर्ण सहमत. मी वस्त्रशास्त्र शिकले आहे आणि हातमागाच्या कामात आहे, म्हणून जरा मुळापासून लिहिते. नाव विसरून आधी तंतू बघायची सवय लावली तर फसवणूक पुष्कळ टळते.

लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो. त्या वळणांमध्ये हवा अडकून राहते आणि अंगाची उष्णता बाहेर जात नाही. तंतू जितका बारीक, तितकी कमी वजनात जास्त हवा धरली जाते. टोचणंही जाडीवरच ठरतं. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू कातडीला टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर १७ ते २२ मायक्रॉनच्या आसपास असते. पश्मिना १२ ते १६. माणसाचा केस ७० च्या आसपास, यावरून अंदाज घ्या.

लोकर हवेतला ओलावा स्वतःत घेते, वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून ती अंगावर कोंदट होत नाही. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा ओलावा जवळपास घेतच नाही, त्यामुळे कोरड्या थंडीत त्यात वीज साठते. तुम्ही लिहिलेल्या ठिणग्या त्याच. सत्काराच्या बहुतेक शाली ॲक्रिलिकच्या असतात, यंत्रमागावर विणलेल्या. त्या पांघरण्यापेक्षा देण्यासाठीच बनतात, आणि किंमत बघता दुसरं काही शक्यही नाही.

आता पश्मिना. लडाखच्या चांगथांग पठारावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर, चांगपा लोक चांगथांगी बकऱ्या पाळतात. तिथल्या हिवाळ्यात बकरीच्या जाड केसांखाली मऊ लव येते आणि वसंतात ती आपोआप सुटू लागते. तेव्हा कंगव्याने विंचरून काढतात. एका बकरीपासून वर्षाला शंभर-दीडशे ग्रॅम कच्चा माल मिळतो आणि जाड केस वेगळे केल्यावर त्यातला निम्मा-शिम्माच उरतो. मोठी साधी शाल दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका शालीत तीन-एक बकऱ्यांची वर्षभराची लव, शिवाय काश्मिरी बायकांनी चरख्यावर हाताने काढलेलं सूत आणि हातमागावरची वीण. हजार-दीड हजारात हे होणारच नाही. घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला तरी ती वस्तू पश्मिना होत नाही.

दक्षिणवारा
आमच्या ग्रुपमध्ये सगळे अंगठीतून शाल ओढून बघत होते. आरपार गेली तर खरी. हे बरोबर ना?

ताणाबाणा
नाही हो. पातळ व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासूनचं कृत्रिम रेशीम), रेशीम, काहीही अंगठीतून जातं. आणि दाट विणलेली किंवा भरतकाम केलेली अस्सल पश्मिना अडकू शकते. त्यातून कापड पातळ आहे एवढंच कळतं.

त्यापेक्षा दुकानदाराला गोंड्यातला एक धागा मागा आणि चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटात चुरली जाते. व्हिस्कोस कागदासारखं भरभर जळतं, वासही जळक्या कागदाचा, राख राखाडी आणि मऊ. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टणक मणी उरतो. अस्सल माल असलेला दुकानदार सहसा धागा द्यायला कुरकुरत नाही. मात्र यातून लोकर आहे की नाही एवढंच ठरतं. मेरिनो आणि पश्मिना दोन्ही सारख्याच जळतात, रेशमालाही तसाच वास येतो.

पश्मिनाची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. 'काश्मीर पश्मिना'ला २००८ साली भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला ते नाव लावता येण्याची कायदेशीर मान्यता) मिळाला. त्याची खूणचिठ्ठी मिळायला तीन अटी आहेत: तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा, सूत हाताने कातलेलं, वीण हातमागाची. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शाली तपासून ही चिठ्ठी लावतात आणि तिच्यावरच्या क्रमांकावरून पडताळणी करता येते. खरी पश्मिनाच घ्यायची असेल तर चिठ्ठी असलेलीच घ्या.

हाताने कातलेलं सूत एवढं महत्त्वाचं का, तेही सांगते. पश्मिनाचा तंतू आखूड आणि नाजूक, यंत्रावर तुटतो. म्हणून यंत्रावर कातताना त्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर आम्लाने ते विरघळवून काढतात. त्या आम्लाने लवही अशक्त होते. अशी शाल दुकानात सुंदर दिसते पण लवकर विरते. हातमागाची शाल उजेडासमोर धरा, सुताची जाडी किंचित कमी-जास्त दिसेल. यंत्राची अगदी एकसारखी दिसते. 'चश्मे-बुलबुल' म्हणजे बारीक चौकटीची वीण असेल तर हे नीट बघता येतं. आणि पश्मिनाला चकाकी नसते. चमकणारी शाल दिसली की त्यात रेशीम किंवा व्हिस्कोस आहे असं समजा. रेशीम-पश्मिना हा चांगला प्रकार आहे, फक्त त्याच नावाने आणि त्याच भावाने घ्यावा.

मिरजेची_सिस्टर
मी वेगळं मत मांडते, रागावू नका. मी वर्षानुवर्षं वृद्धांची शुश्रूषा करते आहे. रोज अंगावर असणाऱ्या शालीवर औषध सांडतं, वरण सांडतं, कधी उलटी होते. तिथे आठवड्यातून दोनदा मशीनमध्ये टाकता येईल असंच कापड लागतं. घरची माणसं महागाची शाल आणतात आणि पेशंट ती खराब होईल म्हणून वापरतच नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. ॲक्रिलिकला इतकं वाईट म्हणू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तीच सोयीची.

ताणाबाणा
सिस्टर, अंथरुणावरच्या पेशंटसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण अबोलीची आई हिंडती-फिरती आहे ना? स्वयंपाकघरात वावर असेल तर ॲक्रिलिकचा पदर गॅसपाशी नकोच. ॲक्रिलिक पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहजासहजी पेटत नाही, पेटली तरी ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते. अर्थात कुठलीही शाल सुटी सोडून गॅससमोर उभं राहू नये.

मिरजेची_सिस्टर
हे अगदी खरं. भाजलेल्या केसमध्ये कृत्रिम कापड सोडवताना काय होतं ते पाहिलेलं आहे. हिंडत्या माणसासाठी लोकरच घ्या.

अबोली_ठाणे
आई सकाळचा चहा आणि कुकर स्वतःच लावते. तेव्हाच तिला सगळ्यात जास्त थंडी वाजते.

देवदार
मग रोजसाठी कुलूची किंवा साधी मेरिनोची घ्या आणि पश्मिना बाहेर जायला ठेवा. मी हिमाचलात बरीच वर्षं नोकरी केली. कुलू शालीचं मधलं अंग साधं, एकरंगी असतं आणि दोन्ही टोकांना भौमितिक नक्षीचे रंगीत पट्टे. किन्नौरी शालीत नक्षी जास्त दाट आणि बारीक, त्यामुळे ती वजनदार आणि महाग. कुलूच्या शाली स्थानिक मेंढीची लोकर, मेरिनो, अंगोरा (सशाची लोकर) अशा वेगवेगळ्या लोकरीत मिळतात. आईंसाठी मेरिनो मागून घ्या, स्थानिक लोकर टिकाऊ आहे पण मानेला टोचते. भुट्टी विणकरांची सहकारी संस्था १९४४ पासून तिथे काम करते आहे, 'भुट्टिको' नावाने, आणि बऱ्याच शहरांत त्यांची दुकानं आहेत. तिथे लोकरीचा प्रकार विचारला की नीट सांगतात. रोजच्या वापराला कुलूची शाल वर्षानुवर्षं टिकते.

कच्छी_सून
भुजोडीला विसरू नका. भुजजवळच्या या गावात वणकर विणकर पिढ्यान् पिढ्या रबारी पशुपालकांसाठी लोकरीच्या शाली-घोंगड्या विणत आले आहेत. आता मेरिनोतही विणतात आणि काला कॉटन या तिथल्या जुन्या, पावसावर वाढणाऱ्या कापसातही. मुंबई-ठाण्याच्या थंडीला काला कॉटनची शाल पुरते. एसीच्या ऑफिसात तर तीच सगळ्यात बरी. नाशिकला मात्र लोकर लागेल.

धनगरवाडा
आपल्या मातीतलं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दख्खनी मेंढीची लोकर जाड, म्हणून घोंगडी टोचते, हे खरं आहे. पण ती पावसाळी माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसासाठी बनलेली वस्तू आहे. सणगर मंडळी विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्याने अंगात कडकपणा येतो आणि पाऊस चटकन आत शिरत नाही. डोक्यावर खोळ करून घेतली की वारा-पाऊस दोन्ही अडतात. आज दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही, कातरलेली लोकर पुष्कळ ठिकाणी फेकून देतात. हे बघवत नाही. अबोलीताईंनी आईच्या अंगावर नाही तरी गादीखाली किंवा पायाखाली घोंगडी घालावी. नाशिकच्या फरशीचा गारठा पायातून वर चढतो, तो तिथेच थांबेल.

अबोली_ठाणे
धनगरवाडा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या देवघरासमोर बसायला नक्की घेते.

सहज_सुचलं
श्रीनगरला गेल्यावर एखादा विक्रेता हळूच 'शाहतूश' दाखवतो. आमच्या ओळखीत एकांनी घेतलीही होती. ती खरंच सगळ्यात उबदार असते ना?

ताणाबाणा
कृपया हात लावू नका. शाहतूश तिबेटी पठारावरच्या चिरू हरणाची लव आहे. चिरू कुणी पाळत नाही आणि जिवंत चिरूची लव काढता येत नाही. मारूनच काढतात. एका शालीसाठी तीन ते पाच चिरूंचा जीव जातो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिरू आहे, म्हणजे विकणं, विकत घेणं, नेणं-आणणं हा सगळा गुन्हा. पश्मिनाची बकरी विंचरल्यावर पुन्हा चरायला जाते. एवढी ऊब त्या बकरीपासून मिळत असताना चिरूला मारायचं कशाला?

देवदार
+१. दुकानदाराने नाव काढलं की तिथून उठायचं. जो ते विकतो त्याच्या बाकी मालाचीही खात्री नाही.

जाईजुई
मी मापं आणि घेण्याच्या पद्धती सांगते, कारण निम्म्या शाली माप चुकल्यामुळे पडून राहतात. स्टोल साधारण ७० बाय २०० सेंटीमीटर, गळ्याभोवती आणि खांद्यावर पुरतो. बायकांची शाल १०० बाय २००. पुरुषांची लोई किंवा दुशाला त्याहून बरीच मोठी, अडीच मीटरच्या पुढे. आईंसाठी १०० बाय २०० घ्या, पण दुकानात अंगावर घेऊन बघा. उंची कमी असेल तर टोकं पायात येतात आणि वयस्कर माणूस त्यात अडखळून पडू शकतो.

काम करताना घ्यायची तर लांबीच्या दिशेने दुमडून दुहेरी करा, मधला भाग पाठीवर, दोन्ही टोकं छातीवर फुलीसारखी आणून काखेखालून मागे न्या आणि कमरेशी खोचा किंवा सैल गाठ मारा. हात मोकळे, छाती-पाठ झाकलेली, पदर गॅसपासून दूर. बाहेर जाताना उजवं टोक डाव्या खांद्यावर टाकायचं. पिन लावायचीच तर काठाच्या दाट विणीत लावा, मधल्या अंगात नको. पश्मिनाची सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे अंगठी आणि पाटल्यांच्या कडा. धागा ओढला गेला तर कापू नका. शाल दोन्ही हातांनी तिरपी हलकेच ताणा, बऱ्याचदा धागा आपल्या जागी परत जातो.

कोथरूडची_स्वारी
विषय शालीचा आहे, पण दुचाकीवाल्या मैत्रिणींसाठी स्कार्फबद्दलही थोडं. तोंडाला बांधायचा स्कार्फ सुतीच असावा, मलमल किंवा मऊ वापरलेलं कापड. सिंथेटिक घसरतो, हेल्मेटखाली डोकं घामाने भिजतं आणि नजर दोन्ही बाजूंना झाकली जाते. हेल्मेटखाली जाड गाठ येऊ देऊ नका, हेल्मेट सैल बसतं. टोकं कॉलरच्या आत खोचलीच पाहिजेत. मागे उडणारी ओढणी चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघात फार वाईट असतात. आणि स्कार्फ रोज धुवा. दिवसभराची धूळ आणि धूर त्यात असतो आणि तोच दुसऱ्या दिवशी नाकावर येतो.

वऱ्हाडी_ऊन
आमच्या अकोल्याकडे मे महिन्यात पुरुषही दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. पांढरा, सुती, चांगला दोन मीटर लांब. कान आणि मानेची मागची बाजू झाकली गेली पाहिजे, लू तिथूनच लागते असं आमच्याकडे मानतात. ओला करून बांधला तर अर्धा तास गारवा राहतो. टेरीकॉट अजिबात नको.

अबोली_ठाणे
फार छान माहिती मिळते आहे. आता धुण्याचं सांगा. आई सगळं निळ्या पावडरीत भिजवते.

ताणाबाणा
ते आधी थांबवा. पुष्कळ पावडरींत डाग काढायला प्रथिनं फोडणारी एन्झाइम असतात. लोकर आणि रेशीम दोन्ही प्रथिनंच आहेत, त्यामुळे डागाबरोबर शालही झिजते. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर लोकर चक्क विरघळते.

साधी, भरतकाम नसलेली शाल घरी धुता येते. आधी एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग उतरला तर घरी धुऊ नका. न उतरल्यास टबात गार किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या, लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण थोडासा घाला. रिठ्याचं गाळलेलं पाणीही उत्तम, पण पांढऱ्या आणि फिक्या शालीवर त्याचा तपकिरी रंग चढू शकतो. पाच-सात मिनिटं बुडवून हाताने हलके दाबायचं. घासायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आकसून नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) होते. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. खंगाळायचं पाणीही धुण्याच्या पाण्याइतकंच गार-कोमट हवं.

मग मोठ्या पंच्यावर पसरून पंच्यासकट गुंडाळा आणि दाबा, पाणी पंच्यात जाईल. वाळवायची आडवी, सावलीत, खाटेवर किंवा टेबलावर. दोरीवर टाकली तर ओल्या लोकरीचं वजन तिला एका बाजूला ओढतं. इस्त्री कमी तापमानावर, मधे सुती कापड ठेवून. सोझनीचं (बारीक सुईचं काश्मिरी) भरतकाम किंवा कानी शाल असेल तर चांगल्या ड्रायक्लीनरकडेच द्या, भरतकामाच्या धाग्यांचे रंग उतरायची भीती असते. कानी शालीची नक्षी तर मागावरच छोट्या लाकडी काट्यांनी धागा धागा घालून विणतात, तिच्याशी घरी प्रयोग नको.

आणि फार वेळा धुऊ नका. वापरल्यावर तासभर वाऱ्यावर पसरून ठेवली तरी वास जातो. हंगामात एक-दोनदा धुणं पुष्कळ.

न्यूजर्सीकर_मीरा
इथल्या मराठी मंडळींना सांगते, ड्रायरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका. धुण्याच्या ढिगात शाल मिसळू नये म्हणून आमच्याकडे लोकरीच्या वस्तूंची टोपली वेगळीच ठेवली आहे. गोळे आले तर ओढून तोडू नका, त्यासाठीचा कंगवा मिळतो, तो सपाट पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवायचा.

वेखंड
ठेवण्याबद्दल. आमच्या आजोळी पैठण्या, शालू, लोकरीचे कपडे सगळ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायचे. कडुनिंबाचा वाळलेला पालाही. कधी कसर लागली नाही.

ताणाबाणा
वेखंडाच्या वासाने कसरीचा पतंग अंडी घालायला येत नाही म्हणून आपल्याकडे ते वापरतात आणि मीही वापरते. पण आधीच अंडी घातलेली असतील तर त्यातून निघणाऱ्या अळ्या त्याने मरत नाहीत. खरं नुकसान अळीच करते, पतंग काहीच खात नाही. अळीला केराटिन हे प्रथिन हवं असतं, ते लोकरीत आहे, सुतात नाही. घामाचे, अन्नाचे डाग असतील तिथे ती आधी जाते. म्हणून हंगाम संपल्यावर धुऊन, पूर्ण कोरडी करूनच ठेवायची. हा नियम पाळला तर अर्धी लढाई जिंकली. वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवा, कापडाला थेट लागू देऊ नका, डाग पडतो.

आजीच्या शालीचं: तिला आज बाकीच्या कपड्यांतून बाजूला काढा. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. संग्रहालयातही कीड मारायला हाच उपाय करतात, फक्त त्यांचं यंत्र जास्त थंड असतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला आली की उघडा, नाहीतर आत दव धरतं. मग ऊन दाखवून मऊ ब्रशने झटका आणि कपाटाचे कोपरे पुसून घ्या.

बालरोग_पुणे
डांबरगोळ्यांचा विषय निघण्याआधीच लिहितो. घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल तर नॅफ्थलीनच्या गोळ्या ठेवलेल्या शालीत, दुपट्यात बाळाला गुंडाळू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे लाल रक्तपेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होते. कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुतेकदा माहीतच नसतं. बाळंतपणासाठी जपून ठेवलेले आजीच्या ट्रंकेतले कपडे हे नेहमीचं कारण. बाळासाठी धुतलेलं सुती दुपटंच बरं. झोपलेल्या बाळावर सुटी शालही टाकू नका, ती तोंडावर येऊ शकते.

वेखंड
डॉक्टर, फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. ट्रंक आजच उघडते.

मुंबईची_दमट_हवा
आमच्याकडे पावसाळ्यात कसरीपेक्षा बुरशीचा त्रास. प्लास्टिकमध्ये ठेवायचं की नाही?

ताणाबाणा
मुंबईत, कोकणात नको. जराशी ओल राहिली तरी आत कोंडते. जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा, आणि पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की बाहेर काढून घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथेच कापड चिरतं. हँगरला टांगू नका. खळ किंवा स्टार्च केलेली सुती शाल बरोबर ठेवू नका, खळीला झुरळं आणि चंदेरी किडे येतात.

रफू_हवा
माझा तोच प्रश्न, जो अबोलीने सुरुवातीला विचारला. भोकं बुजतात का?

ताणाबाणा
बुजतात, आणि इतकी सुरेख की उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाहीत. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं नजीबाबाद हे रफूगरांचं जुनं गाव. तिथल्या घराण्यांतले कारागीर शहरोशहरी जाऊन शाली दुरुस्त करतात. चांगला रफूगर शालीच्याच आतल्या कडेचा धागा काढून भोकात ताणा आणि बाणा पुन्हा विणतो. लोकरीच्या मोठ्या दुकानांत आणि जुन्या ड्रायक्लीनरकडे विचारलं तर पत्ता मिळतो.

आधी फ्रीझरचा उपाय, मग रफू, मग धुणं. क्रम उलटा केला तर ओल्या वजनाने छोटी भोकं मोठी होतात. द्यायच्या आधी उजेडात धरून प्रत्येक भोकाभोवती कच्चा दोरा घाला, म्हणजे एकही सुटत नाही. रफूला वेळ लागतो आणि मजुरी जास्त वाटते. जरूर द्या, ते हातातलं कसब दिवसेंदिवस कमी होत चाललं आहे.

मराठवाडा_एक्सप्रेस
छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शालीबद्दल एक ओळ. सूत आणि रेशीम एकत्र विणलेली, आतून मऊ. कडाक्याच्या थंडीची नाही, पण लग्नकार्यात संध्याकाळी घ्यायला देखणी. खऱ्या हातमागाची हवी असेल तर माग चालू असलेल्या ठिकाणीच जा, यंत्रावरचा नक्कल माल फार झाला आहे.

अबोली_ठाणे
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, परवाच परतलो. श्रीनगरला खूणचिठ्ठी असलेला साधा, बिनभरतकामाचा करडा पश्मिना स्टोल घेतला. दुकानदाराने न सांगता गोंड्याचा धागा काढून दिला. पूर्ण शाल माझ्या आवाक्याबाहेर होती, पण आई म्हणाली की गळ्याला आणि कानाला हाच जास्त उपयोगी. रोजच्या कामासाठी मेरिनोची शाल मागवली आहे. जाईजुई, फुलीची पद्धत तिला दाखवली, सकाळी चहा करताना तशीच घेते. आजीची शाल सध्या फ्रीझरमध्ये आहे. रफूगर सापडला की लिहीन.

बाबांच्या सत्काराच्या शालींचं काय करावं, एवढंच राहिलं. टाकवत नाहीत.

जाईजुई
आमच्या आईने त्यांची गोधडी करून घेतली. आत दोन-तीन शालींचे थर, वरून आणि खालून जुन्या सुती साडीचं कापड, म्हणजे अंगाला ॲक्रिलिक लागत नाही. बाबांना सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या एक-दोन मात्र तशाच ठेवा, त्यांनाच निवडू दे. उरलेल्या धुऊन, इस्त्री करून द्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर नातेवाईक रात्र रात्र काढतात, डिसेंबरात तिथे लागतात. मळलेल्या देऊ नका.

पैठणकर_सई
चर्चेचा हा जुना धागा वर काढते आहे. आजेसासूबाईंचा जरीचा शेला मिळाला आहे, जर काळी पडली आहे. लिंबू किंवा टूथपेस्ट लावून उजळते असं ऐकलं. करू का?

ताणाबाणा
करू नका. जुन्या जरीत रेशमी किंवा सुती धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा पातळ मुलामा. लिंबू आणि पेस्ट तो मुलामा खरवडून काढतात, रेशीमही खराब होतं. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, त्यामुळे पूर्वीसारखी लखलखीत होईल अशी अपेक्षा धरू नका. कोरड्या मऊ मलमलीने जरीच्या दिशेने हलकेच पुसा, एवढंच. अत्तर किंवा सेंट त्यावर कधी मारू नका. ठेवताना मलमलीत गुंडाळा, घडीच्या आत जुनं सुती कापड ठेवा आणि काठावर काठ येऊ देऊ नका.